घासून काढलेला टाका

शहाद्याच्या दोंडाईचा रस्त्यावर हेमकांतचं वेल्डिंगचं दुकान आहे. ट्रॉलीचा सांधा, लोखंडी फाटक, नांगराचा फाळ अशी कामं तिथं पूर्वीपासून होत आली. पुढे घरोघरच्या गाड्यांना ॲल्युमिनियमची चाकं आली, उसाच्या ट्रकांनी रस्त्यांची चाळण करून ठेवली, आणि खड्ड्यात आपटून फुटलेली, आतून तडकलेली चाकं घेऊन माणसं दुकानाशी उभी राहू लागली. नवं चाक सुरतेहून मागवायचं तर चार दिवस गाडी दारात. हेमकांतकडे सकाळी टाकलेलं चाक संध्याकाळी तयार, आणि असं तयार, की तडा कुठं होता ते बोट फिरवूनही सापडू नये.

"हेमकांतना हात म्हंजे सोनाना हात!" असं तालुकाभर बोललं जाई. हेमकांत मान खाली घालून हसे. लोकांना वाटे, काय विनय आहे माणसाला! विनय कसला, ती लाज होती. कारण तो सोन्याचा हात त्याचा नव्हताच.

चाक दुकानात उतरे, टायर निघे, आणि मग ते मागच्या दारानं घराच्या परसात जाई. तिथं पत्र्याच्या शेडमध्ये काळ्या काचेचं हेल्मेट घालून चारुलता बसलेली असे. हेमकांतच्या थोरल्या भावाची, नवनीतची बायको. हे काम नवनीत सुरतेला शिकला आणि घरी येऊन त्यानं हौसेनं बायकोला शिकवलं. चार वर्षांपूर्वी तो काविळीनं गेला. मागे राहिलं मशीन, गॅसचं सिलिंडर आणि हात लावायला कोणी नाही अशी चाकांची चळत. हेमकांतनं महिनाभर करून पाहिलं. पण लोखंड तापलं की लाल होतं, माणसाला सावध करतं. ॲल्युमिनियम शेवटच्या घडीपर्यंत पांढरं राहतं आणि एकदम ढासळतं. हेमकांतनं सहा चाकं अशी ढासळवली. सातवं चारुलतानं त्याच्यापुढून ओढून घेतलं आणि भरून दिलं.

तेव्हा सासू धनुबाईंनी एकच अट घातली होती. "काम कर, पन परसमा कर. रांडमुंड बाईना हात लोकेसना गाडीसले लागस, हाई कोन्हले कयाले नको." हेमकांत त्यावर काही बोलला नाही. वहिनीला लोकांच्या नजरेचा त्रास नको, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. माणसाला स्वतःची समजूत घालायला फार वेळ लागत नाही. चार वर्षं तिनं काम केलं आणि चार वर्षं यानं शाबासकी घेतली.

वैशाखातल्या एका सकाळी रूपचंद आबा दुकानी आले. तापीकाठचे मोठे शेतकरी, बोलायला मोकळे, चार लोकांत वजन असलेले. त्यांच्या गाडीची डाव्या बाजूची दोन्ही चाकं, पुढचं आणि मागचं, एकाच खड्ड्यात तडकली होती.

"हेमकांत, नवरदेवनी गाडी शे," ते म्हणाले. "परवदिन वरात नवापूरले जावाले शे. दोन्ही चाके पक्का करी दे."

"चिंता करू नका, आबा."

त्या दिवशी आणि दुसऱ्या सकाळी चारुलतानं दोन्ही चाकं भरली. तडा जिथं संपतो तिथं बारीक भोक पाडून त्याला अडवायचं, तडा कोरून स्वच्छ करायचा, चाक आधी हळूहळू तापवायचं आणि मग वितळत्या धातूचा टाका मारून भरायचं, हा नवनीतचा क्रम तिनं कधी मोडला नाही. टायर चढवून, हवा भरून पाण्याच्या हौदात बुडवून पाहिलं. एकही बुडबुडा आला नाही. शेवटचा हात मारायला तिनं पुढचं चाक पुन्हा मांडीपुढे घेतलं, आणि नेमक्या त्या वेळी रूपचंद आबांच्या पत्नी बेबीबाई लग्नाच्या अक्षता घेऊन घरी आल्या.

त्यांनी धनुबाईंना अक्षता आणि पत्रिका दिली आणि पाय धुवायला म्हणून त्या परसात गेल्या. हेल्मेट वर करून चारुलता चाकावरची धूळ पुसत होती.

"हाई काय करी ऱ्हायनी तू?"

"चाक भरं, मावशी."

"कोन्हं चाक?"

खोटं बोलायचं चारुलताच्या मनात आलं नाही. आलं असतं तरी काय बोलणार होती? "तुम्हनंज शे. व्हई गयं आते."

बेबीबाई मागे सरकल्या. "अवं माय! मन्हा पोऱ्याना लगननी गाडी, आनि तिले तुन्हा हात!" त्या तशाच बाहेर आल्या, ओट्यावर बसल्या आणि पदरानं घाम पुसू लागल्या. त्या दुष्ट नव्हत्या. त्यांना खरोखरच भीती वाटली होती, आणि अशी भीती आपल्याकडे आईच्या दुधाबरोबरच पाजली जाते.

तासाभरात आबा आले. हेमकांतला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "देख, मी काही असलं मानस नही. पन बाईमानूस घाबरी गयी. लगनना घरमा कोन्हा मनमा किडा नको. तू असं कर, तिन्हा टाका घासी काढ आनि तुन्हा हातवरी नवा मार. बस."

'मी काही मानत नाही!' वाचकहो, हे वाक्य तुमच्या-आमच्या घरातही रोज उच्चारलं जातं. न मानणारी माणसंच या रूढी जास्त इमानानं चालवतात, कारण त्यांना त्या चालवल्याचा दोषही नको असतो.

परसाच्या दारातून चारुलता हे ऐकत होती. तिला राहवलं नाही. "भाऊ, टाका पक्का शे. पानीमा टाकीसन देखा, एक बुडबुडा नही. दुसरीदाव तापाडं तं धातूना जीव जाई."

आबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. ते हेमकांतकडे पाहत राहिले. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांचेही कान इकडेच होते.

"वहिनी, तुम्ही घरमा जा," हेमकांत म्हणाला.

ती गेली. त्यानं पुढचं चाक घेतलं, ग्राइंडर सुरू केला आणि तिचा टाका घासायला सुरुवात केली. ठिणग्या न उडता नुसती चंदेरी भुकटी उडत राहिली. टाका निघाला, त्याखालचा चांगला धातूही निघाला, तरी तो दाबतच होता. मग त्यानं घाईघाईनं, चाक आधी न तापवता, स्वतःच्या हातानं ते भरलं. हवा भरून हौदात टाकल्यावर दोन बारीक बुडबुडे एकामागून एक वर आले. त्यानं चाक पुसलं, त्या जागी आतून लुकण, म्हणजे भेगा बुजवायची पुट्टी, दाबली आणि वरून चंदेरी रंगाचा फवारा मारला. मागचं चाक घ्यावं तर लाइट गेली. पाचला आबांचा माणूस दारात हजर. हेमकांतनं मागच्या चाकाला हातच लावला नाही. वहिनीच्या टाक्यावर नुसता रंग मारला आणि दोन्ही चाकं पुढे करून म्हणाला, "दोन्ही नवा मारा शेतस. आबासले सांगी दे."

दुसऱ्या दिवशी वरात निघाली. प्रकाशा गेलं, नंदुरबार गेलं. खांडबारा सोडल्यावर उताराला पुढचं डावं चाक आतून फाटलं, हवा एकदम गेली आणि गाडी रस्ता सोडून मोरीच्या कठड्यावर आदळली. नवरदेव मागे बसला होता, त्याला खरचटण्यावर निभावलं. पुढे डाव्या बाजूला करवली बसली होती, त्याची धाकटी बहीण ममता. तिचा डावा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला.

ही ममता दीड वर्षापासून पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे कॉलेजच्या मैदानावर धावणाऱ्या पोरींमध्ये ती पहिली असे. मैदानी चाचणी महिन्यावर आली होती. डॉक्टरांनी पायात सळई घातली आणि पळण्याचं नाव काढू नका म्हणून सांगितलं.

लग्न संध्याकाळी उरकलं. पण त्याआधीच बातमी शहाद्यात पोचली होती, आणि बातमीबरोबर कारणही. "रांडमुंड बाईना हात लागना व्हता चाकले." कोणी म्हणालं, टाका घासला तरी हात लागायचा तो लागलाच होता. कोणी म्हणालं, नवऱ्याला खाल्लं, आता दुसऱ्यांच्या पोरींवर आली. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची ही रीत जुनीच. दुकानातली गिऱ्हाइकं न सांगता आपापली चाकं उचलून नेऊ लागली.

खरं काय ते एकट्या हेमकांतला ठाऊक होतं. त्या दोन बुडबुड्यांनी त्याची झोप खाल्ली.  पण तोंडात मूग धरून तो बसून राहिला. आज सांगू, उद्या सांगू, पोरगी दवाखान्यातून घरी येऊ दे मग सांगू. जनाची लाज त्याला इतकी होती, की मनाच्या लाजेला बोलायला जागाच उरली नाही.

आठव्या दिवशी आबांच्या गड्यानं फुटलेलं चाक आणून परसात टाकलं. चारुलता बाहेर आली. तिनं ते उताणं केलं, फाटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. नखानं लुकणीचा तुकडा निघाला, तो तिनं तळहातावर घेऊन पाहिला. हेमकांत दारात उभा होता. 

ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "भाऊ, तुम्ही कव्हय सांगशात?"

त्याच संध्याकाळी धनुबाईंनी तिला जवळ बसवून घेतलं. "पोरी, तू माहेरले चालनी जाय. लोके ईसरनात म्हंजे बलाई लिसूत. मी तुन्हा भाऊले सांगेल शे, मगन ऐतवारले ई ऱ्हायना." चारुलतानं सासूकडे पाहिलं आणि मग दिराकडे. तळोद्याला भावाच्या घरी गेलेली विधवा परत बोलावली जात नाही, हे त्या घरात तिघांनाही माहीत होतं. मशीन सुटलं म्हणजे हातची भाकरी सुटली, आणि वर कपाळी कलंक, तोही न केलेल्या कामाचा.

तो शुक्रवार होता. शनिवारी सकाळी हेमकांत मोटारसायकल काढून आबांच्या गावी गेला.

ममताला नुकतंच घरी आणलं होतं. ओट्यावर खाट टाकून तिला निजवलेलं, पायाला पट्ट्या. भेटायला आलेली दहा-बारा माणसं चहा घेत बसली होती. हेमकांत बसला नाही. उभ्यानंच बोलला.

"आबा, त्या चाकना टाका मी मारेल व्हता. वहिनीना पक्का व्हता, तो मी घासी काढा. मन्हा टाकामाईन हवा निंघी ऱ्हायनी व्हती. मी देखं, आनि वरथून लुकण लाईसन तुमले दिन्हं. ममताना पाय मी मोडा. वहिनीनी नही."

चहाचे कप खाली ठेवले गेले. मग भाऊबंदांपैकी म्हातारे रेवजी नाना गहिवरून म्हणाले, "देवमानूस शे हाऊ! भावजईना दोष सोतावर ली ऱ्हायना." दोन-चार माना हलल्या. कोणीतरी त्याच्यासाठी खुर्चीही सरकवली.

हेमकांतला वाटलं, याच्यापेक्षा चार मुस्कटात मारल्या असत्या तर बरं झालं असतं. खोटं बोललो तेव्हा लोकांनी सोन्याचा हात म्हटलं, खरं बोललो तर देवमाणूस म्हणतात! या वहिनीच्या वाट्याला काही येऊच द्यायचं नाही, असं सगळ्यांनी ठरवलंय की काय?

"मी देव नही," तो जवळजवळ ओरडलाच. "ऐका! मी फक्त एक चाक घासं. मांगलं चाक वहिनीनंज शे. लाइट गयी व्हती, म्हनीसन मी त्यावर नुसता रंग मारा आनि तुमले खोटं सांगं. चला, देखा!"

गाडी वाड्याच्या कडेला उभी होती. पुढचा भाग चेपलेला, तिथं डाव्या चाकाच्या जागी विटा लावलेल्या. मागचं डावं चाक हवेनं टणक होतं. हेमकांत गाडीखाली शिरला आणि स्क्रू-ड्रायव्हरनं आतल्या बाजूचा रंग खरवडून काढला. कोणीतरी मोबाइलचा उजेड धरला. खाली माशाच्या खवल्यांसारखा, एकावर एक बसलेला सरळ टाका होता. मोरीचा तो दणका सोसूनही केसभर न हललेला.

एकेक जण वाकून पाहून गेला. आबांनीही पाहिलं. उठताना त्यांचा चेहरा पडला होता. क्षणभर वाटलं, आता हा माणूस काहीतरी चांगलं बोलेल. पण सगळ्यांदेखत आपण चुकलो हे म्हणण्याची सवय आबांना नव्हती. त्यांनी गाडीतून चाकाचा पाना काढून हेमकांतपुढे धरला.

"मंग हाई चाक बी काढी टाक. मन्हा घरमा असलं काही नको."

"नही," हेमकांत म्हणाला.

"काय नही?"

"मी काढनार नही. चाक चांगलं शे. तुमले काढनं व्हई तं तुम्ही काढा. मी एकदाव चांगलं काम घासं, त्यान्हं फळ तठे खाटवर पडेल शे."

पाना आबांच्या हातात तसाच राहिला. तेव्हा बेबीबाई ओट्यावरून उतरल्या, त्यांनी तो नवऱ्याच्या हातून घेतला आणि घरात नेऊन ठेवला. चाक गाडीलाच राहिलं.

रविवारी तिचा भाऊ मगन आला. चारुलतानं त्याला जेवू घातलं आणि सांगितलं, "दादा, मी येस नही." मग हेमकांतकडे वळून म्हणाली, "आनि मी आते परसमा बी बसनार नही. मशीन दुकानमा मांडा." हेमकांतनं त्याच दुपारी मशीन पुढे आणलं. धनुबाई आठ दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी गिऱ्हाइकाला चाकाची वेळ सांगताना त्यांच्या तोंडून निघून गेलं, "सून करी ऱ्हायनी, सांजले या."

सगळं काही सुरळीत झालं असं समजू नका. अजूनही दहांतली तीन माणसं, काम कोण करतं ते पाहून चाक उचलतात. लगीनसराईत पाच. हेमकांत त्यांना अडवत नाही, आणि स्वतः त्या चाकाला हातही लावत नाही.

दर पंधरवड्याला तो भाड्याची गाडी काढून ममताला नंदुरबारच्या दवाखान्यात नेऊ लागला. आबांनी नको म्हटलं, तिनं मात्र नको म्हटलं नाही. दिवाळीच्या आधी, एकदा परतताना, काठी मांडीवर घेऊन बसलेल्या ममतानं त्याला विचारलं, "हेमकांतभाऊ, वहिनीना हात वाईट शे, असं तुमले खरंज वाटे का?"

"नही. कव्हयज नही."

"मंग काब्र घासं?"

"तुन्हा आबा..."

"आबासनं सोडा. तुम्हनं सांगा."

प्रकाशाच्या पुलावर त्यानं गाडी हळू केली. मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "मन्हा मनमा जयन व्हती. चार वरीस लोके मले सोनाना हात म्हनेत, आनि मले माहीत व्हतं, तो मन्हा नही. त्या दिनले मोका भेटना. वाटनं, तिन्हा टाका पुसी टाकू आनि एकदाव मन्हा हातवरी करी दखाडू. घासतांना... मले बरं वाटी ऱ्हायनं व्हतं."

चारचौघांसमोर कबुली देताना त्यानं हे वगळलं होतं. रूढीच्या पदराखाली आपण काय काय लपवतो! बेबीबाईंची भीती खरी होती, आबांचा मोठेपणा खोटा होता, आणि हेमकांतनं त्या दोन्हींच्या आडून आपली असूया उरकून घेतली होती. ममतानं खिडकीची काच खाली केली.

"हाई वहिनीले सांगं का?"

"नही."

"मंग मले सांगीसन काय उपेग? मन्हा पाय गया, तो काही परत येस नही. तिले सांगा."

तिला घरी सोडून तो दुकानी आला. चारुलता एक चाक भरत होती. ज्योत विझून तिनं हेल्मेट वर करेपर्यंत तो उभा राहिला. मग त्यानं सांगितलं. मनातली जळजळ सांगितली, आणि घासताना बरं वाटत होतं हेही सांगितलं. सांगताना त्याला वर पाहवेना.

चारुलतानं सगळं ऐकून घेतलं.

"मले तवयज समजनं व्हतं, भाऊ," ती म्हणाली. "मी घरमा उभी व्हती. ग्राइंडरना आवाज ऐकी ऱ्हायनी व्हती. टाका काढाले इतला जोर लागस नही."

 तिनं हातमोजा नीट केला आणि पुढचं चाक मागितलं. त्यानं ते उचलून तिच्यापुढे ठेवलं.